मॅन्युअल कुणासाठी लिहायचं?

१९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स इथे, आयबीएमच्या संशोधन केंद्रात, जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी माणसं संगणक कसा शिकतात ते पाहत होते. कार्यालयात टायपिंग करणाऱ्यांसमोर नवा वर्ड प्रोसेसर ठेवायचा, कंपनीचं प्रशिक्षण-मॅन्युअल हातात द्यायचं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत शिकायला सांगायचं. मॅन्युअल जाणकारांनी लिहिलेलं, शिस्तीत मांडलेलं होतं. तरी शिकणारे अडखळत. प्रस्तावना सोडून देत, मधलंच पान उघडत, टाइपरायटरच्या सवयी या यंत्रालाही लावून पाहत. एकदा चूक झाली की तिच्यातून बाहेर कसं पडायचं, ते पुस्तकात सापडत नसे.

दोष शिकणाऱ्यांवर ढकलणं सोपं होतं. कॅरोल यांनी तो लेखनात शोधला. त्यांनी बारीकसं मॅन्युअल तयार केलं. त्यात प्रस्तावना जवळजवळ नव्हती, प्रकरणं मोजक्या पानांची होती, मथळ्यांत करायच्या कामाचं नाव होतं आणि चुका सुधारण्याचे मार्ग त्या-त्या जागीच दिलेले होते. ते वापरणारे कमी वेळात जास्त काम शिकले. या संशोधनावरचं त्यांचं पुस्तक १९९०मध्ये आलं, ‘द न्युर्नबर्ग फनेल’. डोक्यावर नरसाळं ठेवून ज्ञान आत ओतता येतं, ही न्युर्नबर्ग शहराच्या नावाने चालत आलेली जुनी कल्पना. ती खोटी आहे, हे कॅरोल यांनी प्रयोगांनी दाखवलं.

मूळ मॅन्युअलमध्ये माहितीची कमतरता नव्हती. ते पाठ्यपुस्तकाच्या घाटात लिहिलं होतं, आणि ते उघडणाऱ्याला मात्र तातडीने एक पत्र टाइप करायचं होतं.

लेखनप्रकार म्हटलं की आपल्याला कथा, कादंबरी, लावणी आठवते. पण रजेचा अर्ज, पंचनामा, औषधाची चिठ्ठी हेही लेखनप्रकारच. अमेरिकी अभ्यासक कॅरोलिन मिलर यांनी १९८४मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडलं, की लेखनप्रकार त्याच्या बाह्य रूपावरून ठरत नाही. तीच तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा येते, तिला माणसं ठरावीक रीतीने प्रतिसाद देतात आणि त्यातून तो घडतो. अपघात वारंवार होतात, पोलिसांना काय घडलं ते नोंदवावं लागतं, म्हणून पंचनाम्याला त्याचा साचा मिळाला.

शोधनिबंधाचंही असंच आहे. जॉन स्वेल्स यांनी अनेक शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या आणि १९९०च्या ‘जॉनर अ‍ॅनॅलिसिस’ या पुस्तकात त्यांतल्या तीन पायऱ्या दाखवल्या. आधी विषयाचं महत्त्व सांगायचं. मग आजवरच्या कामात कुठे उणीव राहिली ते दाखवायचं. शेवटी आपला अभ्यास ती उणीव कशी भरतो ते मांडायचं. शोधनिबंधाचा वाचक शंका घेणारा असतो. दावा पटवून घ्यायला तो वेळ देतो. म्हणूनच तिथे संदर्भ, पद्धती, ‘असे आढळून आले’ अशी सावध वाक्यं शोभतात.

हेल्पडेस्कवर बसलेल्या मुलीकडे तो वेळ नसतो. हेडफोनमध्ये ग्राहक बोलतोय, पडद्यावर त्याच्या तक्रारीचं टिकिट उघडं आहे. तिला नॉलेज बेसमधल्या, म्हणजे कंपनीच्या उपायसंग्रहातल्या, लेखात चार गोष्टी झटकन दिसायला हव्यात: तक्रार काय, कोणत्या यंत्रावर किंवा सॉफ्टवेअरवर, उपाय काय आणि कारण काय. या क्षेत्रातले अनुभवी लोक कारण शेवटी ठेवतात, कारण फोन चालू असताना आधी उपाय लागतो. शोधनिबंधात हा क्रम नेमका उलटा असता.

भाषाही बदलते. ‘सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास समस्येचे निराकरण होऊ शकते’ या वाक्यात कुणी काय करायचं ते कळत नाही. ‘सर्व्हर रीस्टार्ट करा. दिवा हिरवा झाला का, ते पाहा.’ इथे कृती आहे आणि ती जमली की नाही, हे तपासण्याची खूणही आहे. धोक्याची सूचना तर कृतीच्या आधीच हवी. ‘रीसेट करा’ असं लिहून खालच्या ओळीत ‘त्याआधी बॅकअप घ्या’ म्हटलं, तर ती ओळ वाचली जाईपर्यंत डेटा गेलेला असतो.

प्रशिक्षण-साहित्यात आणखी एक घोळ होतो. नवख्याला हाताला धरून शिकवणारा धडा, एखादं काम उरकण्याच्या पायऱ्या, सेटिंगचे तपशील सांगणारी संदर्भ-यादी आणि ‘हे असं का’ समजावणारं विवेचन, या चारही गरजा निराळ्या. डॅनिएले प्रोसिदा यांनी सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांसाठी हीच चार भागांची मांडणी सुचवली, आणि आज अनेक प्रकल्प ती वापरतात. चारही एकाच फाइलमध्ये कोंबले की नवखा घाबरतो आणि अनुभवी माणूस ती फाइल उघडायचंच सोडून देतो.

हे आपल्याकडे विशेष महत्त्वाचं आहे. हिंजवडीत, मगरपट्ट्यात, ऐरोलीत रात्रपाळीला परदेशी ग्राहकांचे प्रश्न सोडवणारी असंख्य मराठी मुलं आहेत. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत त्यांच्या हातून सविस्तर लेखन होतं ते मुख्यतः प्रोजेक्ट रिपोर्टचं: प्रस्तावना, पूर्वसाहित्याचा आढावा, पद्धती, निष्कर्ष. परीक्षकासाठी तो घाट योग्यच. पण नोकरीत पहिल्यांदा एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली कार्यपद्धती, लिहायला सांगितली की तोच घाट लेखणीतून उतरतो, आणि पहिली उपयोगी सूचना तिसऱ्या पानावर जाते. ही मुलं हुशार असतात. दुसरा वाचक त्यांना कुणी कधी दाखवलेला नसतो.

तो दाखवणं फार खर्चाचं नाही. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट रिपोर्टच्या जोडीला त्याच प्रकल्पाची दोन पानी वापर-पुस्तिका मागावी. ती प्रकल्पाशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, लिहिणाऱ्याने शेजारी गप्प बसून तो कुठे अडतो ते पाहावं आणि तेवढ्याच जागा पुन्हा लिहाव्यात. कंपन्यांनीही नवं प्रशिक्षण-साहित्य वापरात आणण्याआधी नुकत्याच रुजू झालेल्या माणसाकडून ते असंच तपासून घ्यावं.