पाठीचे दुखणे आणि दान मिळालेले मूत्रपिंड

शहापूर-मुरबाडकडे पाठ दुखली की आवणीला किंवा एसटीच्या धक्क्यांना दोष देऊन मेडिकलमधून गोळी आणली जाते. पण घरात कुणाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असेल, तर ही सवय महागात पडू शकते.

नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून असा रुग्ण टॅक्रोलिमससारखी औषधे कायम घेतो. ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यामुळे हाडात जंतू शिरले तरी ताप येईलच असे नाही. कधी नुसती पाठ दुखते, आणि पुढे मणक्याचा क्षय निघतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळीने दुखणे दबते, पण मूत्रपिंडाला इजा पोहोचते.

हाडात औषध सहजी पोहोचत नाही. मेलेल्या हाडात जंतू दडून राहतात आणि अर्धवट उपचाराने अधिक चिवट होतात. म्हणून प्रकृती गंभीर नसेल, तर आधी सुईने हाडातला नमुना घेऊन जंतू ओळखावा लागतो, मग औषध ठरते. क्षयाचे जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतात की नाही, हे ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणीत काही तासांत समजू शकते. दाद देत नसतील तर बेडाक्विलिनसारखी वेगळी औषधे लागतात. काही वेळा सडलेले हाड शस्त्रक्रियेने काढावे लागते.

खरी कसरत इथेच आहे. रिफॅम्पिसिनमुळे रक्तातले टॅक्रोलिमस घटते आणि मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका वाढतो. अमिकॅसिन, व्हॅन्कोमायसिन मूत्रपिंडावर ताण आणतात. लिनेझोलिडने रक्तपेशी कमी होतात. म्हणून हाडांच्या किंवा क्षयाच्या डॉक्टरांनी लिहिलेले औषध सुरू करण्यापूर्वी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून कल्याणमार्गे मुंबईला जाण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. तरीही तपासणीची तारीख चुकवू नये. सगळे कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी दरमहा 1000 रुपयेही मिळतात.

रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा स्वतःहून बदलू नयेत. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनने दिलेली आहे. अम्मीने किंवा बहिणीने दिलेले मूत्रपिंड ही अमानत आहे. ती सांभाळणे सर्व घराचे काम आहे.