लंडनच्या भुयारात यती!

जुन्या विज्ञानकथा-मालिका आवडणाऱ्यांनी बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेतली 'द वेब ऑफ फिअर' ही 1968 सालची कथा पाहायलाच हवी. लंडनच्या भुयारी रेल्वेत यंत्र-यतींनी (यांत्रिक हिममानवांनी) घातलेला धुमाकूळ, आणि नायक डॉक्टरच्या भूमिकेत पॅट्रिक ट्राउटन.

एकूण भाग सहा. व्हिडिओ टेप महाग असल्यामुळे बीबीसी त्या पुसून पुन्हा वापरत असे. त्यात ही कथा गेली आणि हाती उरला फक्त पहिला भाग. पण परदेशी वाहिन्यांना 16 मिमी फिल्मवरच्या प्रती विकल्या जात. हरवलेले भाग शोधणाऱ्या फिलिप मॉरिस यांना त्यातल्या काही नायजेरियातल्या जोस शहरात सापडल्या. 2013 मध्ये चार भाग परत आले!

भुयारातली दृश्यं स्टुडिओत नेपथ्य उभारून चित्रित केली आहेत, हे पाहताना खरंच वाटत नाही. दिग्दर्शक डग्लस कॅमफिल्ड यांनी अंधार अफाट वापरलाय.

तिसरा भाग मात्र अजून बेपत्ता आहे. आवाज वाचला तो त्या काळी घरी टीव्हीवरून ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्यांमुळे. त्यावरच 2021 मध्ये या भागाचं अ‍ॅनिमेशन झालं. ते मला जरा कृत्रिम वाटलं, तरी तो भाग गाळू नका. लष्करी अधिकारी लेथब्रिज-स्ट्युअर्ट हे मालिकेतलं लाडकं पात्र तिथेच पहिल्यांदा समोर येतं.