गाडीच्या पंखाची खरी परीक्षा पावसात

इंग्लंडमधल्या वॉटफर्डपासून उत्तरेकडे जाणारा एमवन मोटरवे 2 नोव्हेंबर 1959 रोजी खुला झाला, तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. जून 1964 मध्ये ल मान्सच्या शर्यतीआधी एसी कोब्रा गाडीची चाचणी याच एमवनवर झाली आणि जॅक सीअर्स यांनी ती ताशी 185 मैल, म्हणजे जवळपास 298 किलोमीटर वेगाने पळवली. आज इथे मर्यादा आहे ताशी 70 मैल, म्हणजे 113 किलोमीटर. तरीही डिकीवर भला मोठा पंख मिरवणाऱ्या गाड्या या रस्त्यावर असतातच. तो पंख नेमके काय करतो आणि त्यासाठी पत्र्याला पाडलेल्या भोकांचे पुढे काय होते, हे दोन्ही प्रश्न सोबतच विचारायला हवेत.

विमानाचा पंख उलटा करून गाडीवर बसवला, की तो गाडीला वर उचलण्याऐवजी खाली दाबतो. त्यामुळे मागची चाके रस्त्याला घट्ट धरतात. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. 1.4 मीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद पंखाचा साधा हिशेब मांडला, तर शहरातल्या ताशी 50 किलोमीटर वेगाला तो जेमतेम 4 किलोचा भार देतो. ताशी 113 किलोमीटरला 21 किलो, 200 ला सुमारे 66 किलो आणि कोब्राच्या त्या वेगाला 145 किलोच्या आसपास. शर्यतीत जिंकून देणारा पंख कायदेशीर वेगात फारसे काही करत नाही, हे या आकड्यांवरूनच दिसते. उलट तो मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तरफेसारखा पुढची चाके किंचित हलकी करतो.

पंख जितका जोरात दाबतो, तितकाच त्याच्या जोडावर ताण येतो. 4 मे 1969 रोजी बार्सिलोनातल्या माँटजुइकच्या शर्यतीत ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोन्ही गाड्या एकाच चढापाशी आदळल्या. त्याच महिन्यात मोनॅकोच्या शर्यतीवेळी असल्या उंच पंखांवर बंदी आली. वाऱ्याचे गणित बरोबर होते. त्याचा भार पेलणारे खांबच कमी पडले.

रस्त्यावरच्या गाडीत हा भार डिकीच्या झाकणावर येतो. हा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. नुसता बोल्ट आवळला तर तो बोल्टभोवती वाकतो, धक्क्यांनी हलत राहतो आणि फट पडते. म्हणून आतल्या बाजूने रुंद आधारपट्टी लावून भार पसरवावा लागतो. यानंतर सुरू होतो पाण्याचा खेळ. 0.2 मिलिमीटरच्या फटीत पाणी नुसत्या केशाकर्षणाने सात सेंटिमीटरपर्यंत वर चढू शकते, कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे. ताशी 113 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा समोरून येणारा पूर्ण दाब आणखी सहा सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. शिवाय धावत्या गाडीच्या मागे हवेचे भोवरे फिरत असतात. ते टायरने उडवलेले घाण पाणी उचलून डिकीवर, थेट पंखाच्या पायाशी आणून टाकतात.

वॉटफर्ड आणि पुणे यांचा वार्षिक पाऊस साधारण सारखाच, 700 मिलिमीटरच्या घरात. पण पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग पत्रा कोरडा राहतो. वॉटफर्डला तो बारा महिने रिपरिपतो. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठही टाकतात. खारट ओलाव्यात विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि गंजाला जोर चढतो. काही पंख ज्याचे असतात ते कार्बन फायबरही वीजवाहक आहे. ते ॲल्युमिनियमला थेट टेकले आणि मध्ये खारे पाणी आले, की एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून या दोहोंमध्ये नायलॉनचा वॉशर किंवा तसलाच वीजरोधक थर हवा.

वाऱ्याबरोबर तिरप्या येणाऱ्या पावसाचे शास्त्र वॉटफर्डजवळच्या गार्स्टनमध्येच आकाराला आले. इमारतींवर संशोधन करणारी ब्रिटनची संस्था, आजची बीआरई, 1925 पासून तिथे आहे. तिथल्या लेसी यांनी हवामान खात्याच्या शेलर्ड यांच्यासह 1962 मध्ये एक निर्देशांक मांडला: वर्षाचा पाऊस गुणिले वाऱ्याचा सरासरी वेग. भिंत किती भिजेल हे नुसत्या पावसावर ठरत नाही, असा त्याचा अर्थ. धावती गाडी तर स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करते.

याच परिसरातल्या लीव्ह्सडनच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो ही लाकडी विमाने तयार होत. 1944 च्या अखेरीस भारताच्या आघाडीवर काही मॉस्किटो कोसळली. पंखावरचे आवरण मुख्य तुळईपासून सुटत होते. पहिल्या अहवालाने बोट दाखवले आपल्याकडच्या पावसाळी हवेकडे. नंतरच्या तपासात मात्र हॅटफील्ड आणि लीव्ह्सडन इथे बनलेल्या, पावसाळा कधीच न पाहिलेल्या विमानांतही तेच दोष सापडले. चिकटवण्याचे कामच नीट झाले नव्हते. पुढे पाणी झिरपू नये म्हणून पंखाच्या पूर्ण लांबीभर प्लायवूडची पट्टी बसवून तो सांधा बंद करण्यात आला. पाऊस कच्चा जोड फक्त उघडा पाडतो, हे ज्यांनी विमाने बनवली त्यांनाही मोठी किंमत मोजून कळले.

मग पक्का जोड कसा करायचा? भोक पाडल्यावर त्याची कड कानशीने साफ करावी. लोखंडाचा कीस शेवटच्या कणापर्यंत उचलावा, कारण ओल्या हवेत तो गंजून रंगावर डाग पाडतो. उघड्या पडलेल्या कडेला गंजरोधक प्रायमर आणि त्यावर रंग द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा. पंखाच्या पायाखाली पॉलियुरेथेनचे लवचीक सीलंट भोकाभोवती अखंड गोल लावावे. कडक होणारे इपॉक्सी इथे चालत नाही. तापमान 40 अंशांनी बदलले, तर 1.2 मीटर लांबीत ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त प्रसरण पावते आणि जोडाला ते सोसावे लागते. बोल्ट पहिल्यांदा हलकेच आवळावा. लगेच पूर्ण आवळला तर सगळे सीलंट बाहेर येते आणि धातूवर धातू बसतो. सीलंट मुरले, की मग शेवटचा पीळ द्यावा, तोही बोल्टचे डोके स्थिर धरून आतला नट फिरवत. बोल्ट फिरला तर नुकताच बसलेला थर फाटतो. झाकणाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी असलेली छिद्रे मात्र कधीही बुजवू नयेत.

आपल्याकडे याआधी आणखी एक पायरी आहे. गाडीच्या मूळ रचनेत मोटार वाहन कायद्याविरुद्ध बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ड्रिल हाती घेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. ब्रिटनमध्येही असा बदल विमा कंपनीला कळवावाच लागतो.

शर्यतीच्या ट्रॅकवर जाणार नसाल, तर 21 किलोच्या दाबासाठी चांगल्या पत्र्याला भोके पाडू नका, हाच आमचा सल्ला. पाडलीच, तर काम झाल्यावर डिकीत बोल्टांभोवती कोरडे टिश्यू पेपर चिकटवा, झाकण लावा आणि वरून दहा मिनिटे नळीने पाणी सोडा. एक कागद जरी ओला निघाला, तरी जोड खोलून पुन्हा करा.