मी जामठ्याचा सामना पाहिला



क्रिकेटचा सामना आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पण तो टीव्हीवर, नाहीतर मोबाईलवर. मैदानात बसून मोठा सामना पाहिलेला आमच्या वर्गात एकही जण नव्हता. तो योग मला आला. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी, गुरुवारी, नागपूरजवळ जामठा येथे भारत आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना झाला. माझे मामा बुटीबोरीला कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी दोन तिकिटे काढली होती, एक त्यांचे आणि एक माझे.

बाबा म्हणाले, "तुरीची मळणी चालू आहे, पण जा. असा योग पुन्हा केव्हा येईल!" गुरुजींनी एक दिवसाची रजा दिली, पण एका अटीवर. ते म्हणाले, "एकट्यासाठी पाहू नकोस. सगळ्या वर्गासाठी पाहून ये, आणि आल्यावर भित्तिपत्रकात लिही." मग पोरांनी आपापले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून दिले. त्या चिठ्ठ्या मी वहीत ठेवल्या. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे मी येथे देत आहे.

आमच्या संघाच्या कप्तानानेही एक चिठ्ठी दिली. पण माझ्या हातात नाही, दुसऱ्या मुलाजवळ दिली. कारण दिवाळीपासून आम्ही दोघे बोलत नव्हतो. त्याचे कारण पुढे सांगतो.

प्रश्न पहिला : मैदान केवढे असते?

जामठ्याचे मैदान नागपूर-वर्धा रस्त्याला लागूनच आहे. विदर्भ क्रिकेट संघटनेने ते बांधले आणि २००८ साली तेथे पहिला कसोटी सामना झाला. सुमारे ४५ हजार माणसे त्यात बसतात. आपल्या गावाची सगळी माणसे, शेजारच्या दहा गावांची माणसे नेली तरी जागा उरेल!

जिना चढून वर गेलो आणि एकदम समोर हिरवेगार गवत दिसले. टीव्हीवर खेळपट्टीच मोठी दिसते आणि मैदान लहान. प्रत्यक्षात उलटे आहे. मैदान अफाट आणि त्याच्या मधोमध खेळपट्टी म्हणजे वावरातल्या पायवाटेएवढी. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर असते. खेळपट्टीच्या मध्यापासून सीमेचा दोर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे सुमारे ८२ मीटरवर असू शकतो.

परत आल्यावर गुरुजींनी टेप आणून आपली खेळपट्टी मोजायला लावली. ती साडेसोळा मीटर भरली! आता आम्ही नवीन चुना टाकला आहे.

प्रश्न दुसरा : टीव्हीपेक्षा चांगले दिसते का?

याचे उत्तर होय आणि नाही असे दोन्ही आहे. चेंडू टीव्हीवरच चांगला दिसतो. मैदानात तो पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, आणि वेगवान गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. समालोचन नसते. मी खाली पडलेली टोपी उचलायला वाकलो, तेवढ्यात चौकार गेला. मामा म्हणाले, "इथं नजर हलवायची नाही बाप्पा!"

पण एक गंमत सांगतो. फलंदाजाने बॅट फिरवलेली आधी दिसायची आणि 'टक्' असा आवाज नंतर यायचा. प्रथम मला वाटले, माझेच काही चुकते आहे. मग विज्ञानाचा धडा आठवला. प्रकाश क्षणात येतो. आवाज मात्र एका सेकंदात सुमारे ३४० मीटरच जातो. आम्ही शंभर मीटर दूर असू, तर आवाजाला यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा भाग लागणार. लांबच्या धुऱ्यावर कोणी लाकूड फोडत असेल तर असेच होते. कुऱ्हाड पडलेली दिसते आणि आवाज मागून येतो.

प्रश्न तिसरा : एवढ्या गोंगाटात पंच काय म्हणतो ते कसे कळते?

पंच बोलतच नाही, तो हातांनी सांगतो. दोन्ही हात वर केले की षटकार. एक हात छातीसमोरून हलवला की चौकार. एक बोट वर केले की बाद. दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला म्हणजे तिसऱ्या पंचाला विचारले. या खुणा प्रेक्षकांसाठी आहेत असे मला वाटत होते. पण त्या मुख्यतः गुणलेखकासाठी असतात. गुणलेखकाने 'समजले' अशी पोच दिल्याशिवाय पंचाने खेळ पुढे चालू करू नये, असा नियमच आहे. बाजारात मापारी पोत्यांचा आकडा मोठ्याने बोलतो आणि लिहिणारा तोच आकडा परत म्हणतो, तसेच हे आहे.

प्रश्न चौथा : चेंडू पांढरा का असतो?

सामना दुपारी दीड वाजता सुरू झाला आणि रात्री संपला. दिव्यांच्या उजेडात लाल चेंडू नीट दिसत नाही, म्हणून पांढरा वापरतात. पांढऱ्या चेंडूच्या मागे पांढरा पडदा असेल तर चेंडू हरवेल, म्हणून गोलंदाजाच्या मागचा पडदा काळा असतो, आणि खेळाडूंचे कपडे रंगीत. दिवे लागल्यावर एकेका खेळाडूच्या पायाशी अनेक सावल्या पडलेल्या दिसल्या, कारण प्रकाश चारी बाजूंनी येत होता.

प्रश्न पाचवा : सीमेवर उभा असलेला खेळाडू, चेंडू त्याच्याकडे आला नाही तर काय करतो?

ही आमच्या कप्तानाची चिठ्ठी. वाचून मला राग आला होता. दिवाळीच्या सुटीत शेजारच्या गावाशी आमचा सामना होता. शेवटच्या षटकात त्यांना दोन धावा हव्या होत्या. मला लिंबाच्या झाडाजवळ सीमेवर उभे केले होते, म्हणून मी रुसून कमरेवर हात ठेवून उभा होतो. आमच्या एकाने स्टम्पवर फेकलेला चेंडू चुकला आणि पलीकडे गेला. मागे कोणीच नव्हते. मी असायला हवा होतो. त्यांनी दोन धावा काढल्या. कप्तान ओरडला, "तू मागे काहून नव्हता?" मी म्हणालो, "चेंडू माझ्याकडे आलाच नव्हता, मग माझी काय चूक?" तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

आता जामठ्याला काय झाले ते ऐका. इंग्लंडचे सॉल्ट आणि डकेट जोरात खेळत होते. हर्षित राणाचा तो पहिलाच एकदिवसीय सामना, आणि सॉल्टने त्याच्या एका षटकात २६ धावा काढल्या. बिनबाद ७५ झाले. आमच्या भागातले लोक अगदी गप्प बसले होते. तेवढ्यात सॉल्टने चेंडू टोलवला. श्रेयस अय्यर त्याच्या मागे धावत सुटला. दोन धावा झाल्या. तिसरीसाठी सॉल्ट निघाला, पण डकेटने त्याला परत पाठवले. श्रेयसने दुरून फेकलेला चेंडू यष्टीरक्षक राहुलच्या हातात आला आणि सॉल्ट ४३ धावांवर धावबाद झाला! पुढच्याच षटकात यशस्वी जयस्वालने मागे धावत जाऊन डकेटचा झेल घेतला, आणि बिनबाद ७५ चे ३ बाद ७७ झाले. झेल मिळाला तो त्याच राणाच्या गोलंदाजीवर. राणाने त्या दिवशी तीन बळी घेतले.

टीव्हीवर असताना मी चेंडूच पाहिला असता. त्या दिवशी मला सगळे मैदान दिसत होते, म्हणून मी चिठ्ठी आठवून मुद्दाम चेंडू नसलेल्या खेळाडूंकडे पाहू लागलो. तेव्हा कळले की प्रत्येक चेंडूला जवळचे क्षेत्ररक्षक चार पावले पुढे चालत येतात. फेक ज्या स्टम्पकडे येणार असेल त्याच्या मागे कोणीतरी आधीच धावत जाऊन उभा राहतो. दहापैकी नऊ वेळा चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाही. तरी तो दर वेळी धावतो. त्याला टाळ्या मिळत नाहीत, कारण कोणी त्याच्याकडे पाहत नाही.

मी एकाला धरून मोजले. दहा षटकांत चेंडू त्याच्याकडे तीनदाच आला. तो धावला मात्र एकवीस वेळा. मला माझे लिंबाचे झाड आठवले, आणि खरे सांगतो, मामांच्या शेजारी बसून मला लाज वाटली.

इंग्लंडचा डाव २४८ धावांत संपला. भारताचे दोन गडी १९ धावांतच बाद झाले होते. मग श्रेयसने ३६ चेंडूंत ५९ धावा केल्या. गिलने ८७ आणि अक्षर पटेलने ५२ काढल्या. भारताने ३८.४ षटकांत चार गडी राखून सामना जिंकला. नंतर समजले की श्रेयस त्या दिवशी खेळणारच नव्हता. विराट कोहलीचा गुडघा सुजल्यामुळे त्याला आदल्या रात्री कप्तानाचा फोन आला. तो चित्रपट पाहत होता, तो सोडून लगेच झोपायला गेला, असे त्यानेच सामन्यानंतर सांगितले. म्हणजे ज्याचे नाव संघात नव्हते, तोही तयार होता.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. डबा आणि पाण्याची बाटली आत नेता येत नाही, म्हणून आधी जेवून घ्यावे. आम्ही आईच्या भाकरी बाहेर झाडाखाली खाल्ल्या. डोक्याला टोपी असावी. तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवावे. आणि चुकामूक झाली तर कोठे भेटायचे ते आधीच ठरवावे, कारण सुटताना गर्दीत मोबाईल लागेलच असे नाही.

परत आल्यावर रविवारी मी कप्तानाकडे गेलो आणि म्हणालो, "मला लिंबाजवळच ठेव." तो काही बोलला नाही, पण तेथेच ठेवले. त्या दिवशी आम्ही सहा धावांनी हरलो. पण माझ्या बाजूने एकही धाव फुकट गेली नाही. घरी जाताना तो म्हणाला, "चिठ्ठीचं उत्तर भेटलं मले."

मित्रांनो, दिवाळीच्या सामन्यात चूक माझीच होती. ते बोलून दाखवायला मला जामठ्यापर्यंत जावे लागले. म्हणून येथे सर्वांसमोर लिहून ठेवतो.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी