उलटा बंब आणि मेणाची गोळी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. पहाटे गाडीचा हीटर लावला की गार वाराच येतो आणि काचेवरची वाफही हटत नाही. गॅरेजवाला म्हणतो, हीटर बदला. बदलावा का?

थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. डिसेंबर 2018 मध्ये शेजारच्या निफाडचा पारा 2 अंशांच्याही खाली उतरला होता. अशा पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण आधी माझा एक उलटा प्रश्न : तुम्ही राहता कुठे? घर सिडकोत असेल, तर अंबड येईपर्यंत इंजिन जेमतेम कोमट होतं. मग हीटरने ऊब आणायची कुठून?

कारण त्याची स्वतःची अशी आगच नसते. तो म्हणजे उलटा बंब. आजीच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इथे बारीक नळ्यांत इंजिनाचं गरम पाणी खेळतं आणि भोवतीची हवा तापते. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा हे पाणी वाहून नेतं. एरवी रेडिएटरमधून वाया जाणारी ही ऊब जवळपास फुकटात गाडीत येते.

बंबाला जे दुखणं, तेच यालाही. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की आत क्षारांचा थर बसतो आणि गंज साचतो. पाणी कमी झालं, तर विहिरीवरची मोटर हवा धरते तसा हीटरही हवा धरतो, आणि डॅशबोर्डमागे गुळगुळ ऐकू येते. हीटर गार आणि तापमानाचा काटा मात्र चढतोय, असं दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. लगेच झाकण उघडू नका. आतला दाब कुकरसारखा असतो, पाणी शंभरच्या वर तापूनही उकळलेलं नसतं. झाकण निघालं की ते एकदम उसळतं.

इंजिन तापल्यावर, पंख्यापासून हात जपून, हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपावेत. एक गरम नि दुसरा गार असेल तर नळ्या तुंबल्यात किंवा हवा अडकलीय. दोन्ही गरम, तरी वारा गारच असेल, तर गार-गरम हवा वळवणारी आतली झडप अडकलीय. आणि अर्धा तास चालवूनही दोन्ही कोमटच राहत असतील, तर संशय थर्मोस्टॅटवर.

इथे मला थोडं रेंगाळायचंय. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट हा थर्मोस्टॅट अडवून धरतो. पूर्वी त्यात लोहाराच्या भात्यासारखी घडीची, पटकन वाफ होणाऱ्या द्रवाने भरलेली डबी असे. पण पाण्यावरचा दाब वाढला की भाता दबायचा आणि त्याचा अंदाज चुकायचा. 1934 मध्ये सर्जियस व्हर्ने यांनी डबीत मेण भरलं. मेण वितळताना फुगतं आणि दांडी ढकलतं, गार झालं की स्प्रिंग झडप मिटते. बाहेरच्या दाबाची त्याला फारशी पर्वा नसते. ना वीज, ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर! गाड्यांच्या पडद्यांचं कौतुक करताना आपण थकत नाही, व्हर्नेचं नाव मात्र किती जणांनी ऐकलंय?

आणि आपल्याकडे याच गोळीची हकालपट्टी होते. उन्हाळ्यात गाडी तापली की कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. तापण्याचं मूळ कारण गळकं झाकण किंवा तुंबलेला रेडिएटर, शिक्षा मात्र राखणदाराला. मग पाणी सदा रेडिएटरमधून फिरतं, इंजिन गारठलेलं राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. मेमध्ये हे कळत नाही, डिसेंबरात हीटर चुगली करतो.

म्हणून हीटर बदलण्याआधी विचारा, थर्मोस्टॅट जागेवर आहे का? असेल तर तो काढून घ्या आणि तारेला बांधून जुन्या पातेल्यातल्या पाण्यात सोडा. गार असतानाच झडप उघडी दिसली, तर चोर सापडला. चांगल्या थर्मोस्टॅटची झडप मिटलेली असते. पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास पोचलं की ती हळूच वर सरकते. पोरांनाही बोलवा बघायला.