फवारणीचं विष आणि आपल्या नसा

पवनारच्या शिवारात पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की पाठीवर पंप अन् तोंडाला दुपट्टा, एवढ्यावरच भागवलं जातं. औषध अळीसाठी आहे, माणसाला काय होणार, हा त्यामागचा भरवसा. तो मुळातच चुकीचा आहे.

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं ॲसिटिलकोलीन काम होताच नष्ट व्हावं लागतं. ते नष्ट करणारं एन्झाइम ही रसायनं बंद पाडतात, आणि ते एन्झाइम अळीत आहे तसंच आपल्यातही आहे. म्हणून लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो.

‘पोटात गेलं तरच बाधा होते’ हाही गैरसमज. घामेजलेल्या कातडीतून आणि श्वासातूनही विष आत जातं. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते फवारणी करताना झालेल्या विषबाधेने.

सर्वांत घातक समज म्हणजे शुद्ध आली, आता धोका टळला. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये नोंदवलं, की सावरलेल्या रुग्णाचेही एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येईना, ही त्याची पहिली खूण. या गटातल्या काही रसायनांनी तर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात. हा परिणाम उंदरांत नीट दिसत नाही, म्हणून प्रयोगशाळेत त्यासाठी कोंबड्या वापरतात. त्यांची चाल लडखडू लागते.

उंदरांवरचे प्रयोग माणसाला लागू नाहीत, असं म्हणून मात्र सुटका नाही. क्लोरपायरिफॉसच्या अल्प मात्रेनेही उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूची वाढ बिघडल्याचं दिसलं आहे. न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या अभ्यासात गर्भावस्थेतला संपर्क आणि कमी बुद्ध्यांक यांचा संबंध आढळला. नेमक्या मात्रेवर वाद आहे; तरी युरोपीय संघाने 2020 मध्ये क्लोरपायरिफॉसचा वापर थांबवला. गरोदर बाईने फवारणीचे कपडे धुऊ नयेत, असं मी म्हणतो ते याचसाठी.

बाधा झाली तर दूध-ताक पाजत बसू नका. त्याने उतार पडत नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, 108ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. ॲट्रोपिनचा उतारा द्यायचा का, हे ठरवताना डॉक्टरला बाटलीवरचं नाव लागतं.