जिमी रॉजर्स आणि ब्रिस्टलच्या तबकड्या

१९२५ पर्यंत गवयास कर्ण्यापुढें उंच आवाजांत गावें लागे. पुढें विद्युत् मायक्रोफोन आला. हळुवार कंठही तबकडीवर उमटूं लागला. १९२७ च्या उन्हाळ्यांत व्हिक्टर कंपनीसाठीं राल्फ पीअर हे असें यंत्र घेऊन टेनेसी व व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं आले आणि खेड्यापाड्यांतील गायकांस त्यांनीं बोलावणें धाडलें.

त्यांत जिमी रॉजर्स होता. मिसिसिपींतील मेरिडियन या रेल्वेच्या गांवीं तो वाढला. बाप रुळांवरील मजुरांचा मुकादम. कृष्णवर्णीय मजुरांचीं गाणीं मुलाच्या कानांत मुरलीं. मोठेपणीं तो आगगाडीचे ब्रेक सांभाळी. १९२४ सालीं क्षयाचें निदान झालें आणि कष्टाचें काम अशक्य होत गेलें. ज्या फुप्फुसांस रोगानें ग्रासलें, त्यांच्याच बळावर आतां पोट भरावयाचें होतें!

ब्रिस्टल येथें साथीदारांशीं बिनसलें, तेव्हां ४ ऑगस्ट रोजीं तो एकटाच गिटारवर गायला. दोन गीतांचे शंभर डॉलर मिळाले. खरी कीर्ति मात्र नोव्हेंबरांत कॅम्डेन येथें मुद्रित झालेल्या ‘ब्ल्यू योडेल’ नें दिली. छातीच्या स्वरावरून एकदम उंच, पोकळ स्वरावर उडी घेणें म्हणजे योडेल. आल्प्सची ही तऱ्हा त्यानें कृष्णवर्णीयांच्या ब्ल्यूज गायनाशीं जोडली.

मे १९३३ मध्यें न्यूयॉर्क येथें तो अखेरचा गायला. दोन गाण्यांमध्यें खाटेवर पडून विसावा घ्यावा लागे. २६ मे रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, तो निवर्तला. श्वास संपला, तबकडीवरचा स्वर मात्र आजही ऐकूं येतो.